चिखलोलीच्या समुद्रातले भाडोत्री

कुठलीही गोष्ट दोन टप्प्यांत गरम होते. पहिल्या टप्प्यात ती नुसतीच गरम होते, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. दुसऱ्या टप्प्यात कोणीतरी येऊन ती किती गरम झालीय ते मोजतं. खरा त्रास तिथून सुरू होतो, आणि तो अर्थातच मोजणाऱ्यामुळे होतो.

हे उगाच हवेत बोलणं नाही हां. चिखलोलीत घडलंय, ठरावांसकट.

तिथे सागरगाज एम्पायर नावाची सोसायटी आहे. सतरा मजले, दोन विंग, समुद्र साठेक किलोमीटरवर. ब्रोशरमध्ये लिहिलं होतं, 'स्टेशनपासून चालत पाच मिनिटं'. स्टेशन अजून व्हायचंय, त्यामुळे पाच मिनिटं हा आकडा आजवर कोणालाही खोटा पाडता आलेला नाही. समुद्राचं मात्र लोक विचारायला लागले. म्हणून बिल्डरने लॉबीत आठ फुटी काचेची टाकी बांधली, खारं पाणी भरलं आणि मधोमध एक प्रवाळ ठेवलं. जिवंत. जांभळं-सोनेरी, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं गुबगुबीत. परदेशातल्या टाकीत वाढवलेलं, जन्मापासूनचे सगळे कागद सोबत, सही-शिक्का वगैरे. (एकशे छत्तीस फ्लॅटमध्ये इतके पूर्ण कागद असलेला दुसरा रहिवासी नाही.)

चेअरमन होते कोंडाजी. बिल्डिंगखालच्या जमिनीचे मूळ मालक. आता जिथे लॉबी आहे तिथे त्यांचं भाताचं वावर होतं. टाकी पहिल्यांदा बघितली तेव्हा त्यांनी सेक्रेटरी धर्मेशला विचारलं, "यो दगर हाय का झार हाय?"

"काका, जनावर आहे ते."

"मंग खातंय काय?"

धर्मेशला माहीत नव्हतं. हा प्रश्न त्यानंतर कमिटीत कोणीच विचारला नाही. विचारला असता तर ही गोष्ट दोन ओळींत संपली असती.

मार्चमध्ये कमिटीने ऑफिसला एसी बसवला. ठराव क्रमांक नऊ : महत्त्वाचे निर्णय थंड डोक्याने घेण्यात यावेत. तापमान अठरा. एका सभासदाने एकदा ते चोवीस केलं होतं. त्याला पुढच्या मीटिंगचा मेसेजच गेला नाही, आणि रिमोट कपाटात कुलपात गेला. आता एसीचा बाहेरचा डबा बाहेर लावला असता, तर बिल्डिंगचं एलिव्हेशन बिघडलं असतं. म्हणून तो पाइपांसाठीच्या आतल्या डक्टमध्ये लावला, टाकीच्या पाठीला पाठ. टाकीचं पाणी गार ठेवणारा छोटा चिलरही त्याच डक्टमध्ये धापा टाकत होता. म्हणजे ऑफिसातली सगळी गरमी थेट टाकीच्या मागे. व्यवस्था चोख. ऑफिस गार, गरमी नजरेआड, एलिव्हेशन सुंदर. (खऱ्या समुद्राबाबत अख्ख्या जगाने हेच केलंय. तिथे फक्त डक्ट मोठा आहे.)

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात प्रवाळ पांढरं पडायला लागलं. कमिटीने पहिल्यांदा हाउसकीपिंगवाल्यांना शाबासकी दिली. इतकं स्वच्छ प्रवाळ कोणी पाहिलंच नव्हतं. मग त्याच्यावर करडी बुळबुळ आली, आणि लॉबीत वास. वास मासळी बाजाराचा असता तर कोंडाजींची हरकत नव्हती. पण हा वेगळा होता.

तेव्हा कोणालातरी आठवलं, बी विंगला ३०४ मध्ये एक मुलगी आहे, जंतूंचं शिकते.

ती प्रीती. उल्हासनगरच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजीत एमएस्सीचं दुसरं वर्ष. वडील राजरत्न अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर, आई शीला दवाखान्यात नर्स. तिघं भाड्याने राहायचे, अकरा महिन्यांच्या करारावर. घरमालक दुबईला. बारावीपासून हे प्रीतीचं चौथं घर. पत्ता पाठ व्हायला लागला की घर बदलायचं, अशी सवय होत आलेली. यावेळी मात्र आईने गॅलरीत कढीपत्ता कुंडीत न लावता मोठ्या ड्रममध्ये लावला होता. म्हणजे आता इथून हलायचं नाही, हे तिने न बोलता जाहीर केलं होतं. करार तीस जूनला संपत होता, आणि नव्या करारासाठी सोसायटीची एनओसी लागते. एनओसी धर्मेशच्या ड्रॉवरमध्ये होती. मागच्या वेळी ती बाहेर यायला चार महिने लागले होते.

ते चार महिने कशात गेले तेही सांगायला पाहिजे. धर्मेश फॉर्म भरून घेत होता.

"पूर्ण नाव?"

"राजरत्न शिवराम."

"पुढे?"

"पुढे काय?"

"म्हणजे... त्याच्या पुढे."

"पुढे फ्लॅट नंबर तीनशे चार," राजरत्न म्हणाले.

मग आडनाव सांगितलं त्यांनी, पेन खाली ठेवून, नीट धर्मेशकडे बघत. धर्मेश म्हणाला, "नाही नाही, आपण तसलं काही मानत नाही, फक्त रकाना आहे." आणि तो रकाना चार महिने तपासला गेला.

तर आता धर्मेशने प्रीतीला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, पाणीसुद्धा दिलं. "बेटा, तू आपल्या बिल्डिंगची मुलगी. हे प्रवाळ बरं कर. तुमच्या एनओसीचं मग बघतोच मी."

घरी राजरत्न म्हणाले, "बघतोच म्हणजे काय, लिहून घेतलंस?"

"पप्पा, ते सेक्रेटरी आहेत."

"म्हणूनच म्हणतोय."

प्रीतीने काडीला कापूस गुंडाळून प्रवाळावरचा चिकटा घेतला, कॉलेजच्या लॅबमध्ये वाढवला, आठवडाभर डोळे फोडले आणि कमिटीला एक पानाचा रिपोर्ट दिला. साधा, मराठीत, कोंडाजींनाही कळेल असा. प्रवाळ एकटं नसतं. त्याच्या आत बारीक शेवाळ राहतं, ते त्याला खायला घालतं आणि रंग देतं. अंगावर शेंबडासारखा पातळ थर असतो, त्यात लाखो जिवाणू राहतात. त्यातले बरेच चांगले. ते टाकाऊचं परत अन्न करतात, आणि वाईट जिवाणूंना मारणारं औषधही तिथल्या तिथे बनवतात, पगार न घेता. पाणी दोन-चार अंशांनी गरम झालं आणि तसंच राहिलं की आधी शेवाळ जातं, मग चांगले जिवाणू हरायला लागतात, आणि जे वाईट आजवर कोपऱ्यात गपचूप बसले होते ते पसरतात, प्रवाळालाच खातात. टाकीचं पाणी सव्वीसला पाहिजे, ते एकतीसला आहे. उपाय : एसीचा डबा डक्टमधून हलवा.

कमिटीने रिपोर्ट दोनदा वाचला. शेवटचं वाक्य 'विषयपत्रिकेबाहेरचं' म्हणून वगळलं. पण मधल्या एका शब्दावर सगळे थांबले.

"राहतात?" धर्मेश म्हणाला. "लाखो जण राहतात? कोणाच्या परवानगीने?"

आता तुम्ही म्हणाल, जिवाणूंना कसली परवानगी. पण सोसायटी नियमाने चालते, आणि नियम सरळ आहे : जो मालक नाही आणि राहतो, तो भाडोत्री. प्रवाळाकडे कागद होते. त्याच्यावर राहणाऱ्यांकडे नव्हते. ठराव क्रमांक चौदा लगेच मंजूर झाला. सर्व भाडोत्रींनी (मानवी व इतर) तीस दिवसांत करारनामा, पोलीस व्हेरिफिकेशन आणि दोन फोटो जमा करावेत. फोटोंचा प्रश्न प्रीतीने सोडवला. मायक्रोस्कोपखालचे काढून दिले, दोन-दोन प्रती. त्यावर 'चेहरा स्पष्ट नाही' असा शेरा आला.

मग यादी. धर्मेश लिहायला बसला. "हां, पहिल्याचं नाव?"

"एंडोझोइकोमोनास. हा चांगला आहे हां."

"हे नाव की आडनाव?"

"आडनावासारखंच, काका. आमच्यात आधी तेच लिहितात."

धर्मेश खूश झाला. "बघ, सायन्समध्येपण! मी उगाच बदनाम आहे." आणि दुसरा? "व्हिब्रिओ. हा वाईट." धर्मेशला मात्र व्हिब्रिओ आवडला. छोटं, सुटसुटीत, मोठ्या कंपनीचं नाव वाटतं. एंडोझोइकोमोनास त्याला जरा संशयास्पद वाटला, उच्चारताच येत नव्हता. त्याच्यासमोर त्याने पेन्सिलीने फुली केली.

जमा झालेली आकडेवारी अशी. प्रवाळाच्या एका थेंबभर चिकट्यात अंदाजे दहा लाख रहिवासी. त्यापैकी करारनामा असलेले शून्य. पार्किंगचा वाद घातलेले शून्य. कमिटीची निवडणूक लढवू इच्छिणारे शून्य. (शेवटचे दोन आकडे इतिवृत्तातून वगळले, त्याने भाडोत्रींबद्दल उगाच चांगलं मत होतं.)

प्रीती रोज म्हणायची, काका, पाणी गरम आहे. शेवटी कमिटी वैतागली आणि म्हणाली, ठीक आहे, पाण्याचं बघू. धर्मेश तिला घेऊन उल्हासनगर कॅम्प एकला गेला, एका माशांच्या टाक्यांच्या दुकानात. शेठ सिंधी, सत्तरीचे, गळ्यात चष्मा. धर्मेश म्हणाला, थर्मामीटर पाहिजे. शेठनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "साईं, गर्मी नापनी है, के दिखानी है?"

"फरक क्या है?"

"नापनेवाला सच बोलता है, रोज टेन्शन देता है. दिखानेवाला शोपीस है, जो आकडा बोलो वो सेट. शूटिंगवाले ले जाते हैं."

धर्मेशने दाखवणारं घेतलं. सव्वीसवर सेट. टाकीवर लावलं, लाल आकडे, लांबून झकास दिसायचे. त्या दिवसापासून टाकीचं तापमान सव्वीस आहे. प्रवाळाला ते वाचता येत नव्हतं, हा त्याच्या शिक्षणाचा प्रश्न.

तरी प्रवाळ सुधारेना. मग तापमान सव्वीस असूनही प्रवाळ आजारी, म्हणजे दोष कोणाचा? सरळ आहे ना. ठराव क्रमांक सतरा : भाडोत्रींना बेदखल करावे. कोणाच्यातरी घरी अँटिबायोटिकच्या उरलेल्या स्ट्रिप होत्या.

प्रीती ऑफिसच्या दारात उभी राहिली. "काका, प्लीज. त्याने चांगलेपण मरतील."

"कोण चांगला, कोण वाईट, एकेकाचं बघत बसायला वेळ आहे का कमिटीला? सरसकट केलं की कोणावर अन्याय होत नाही."

गोळ्या कुटून टाकल्या. दोन दिवस प्रवाळ इतकं निर्मळ दिसलं की त्याचे फोटो स्टेटसला लागले. तिसऱ्या दिवशी रिकाम्या जागेत व्हिब्रिओ आला, कुटुंबासह, आणि वासाने लिफ्टची रांगसुद्धा जिन्यावर गेली.

धर्मेश प्रीतीला म्हणाला, "आठ जूनला विशेष सभा आहे. तोपर्यंत हे बरं नाही झालं ना बेटा, तर एनओसीचं मग माझ्या हातात नाही."

आता प्रीतीचं डोकं फिरलं. ती एकटीच कॅम्प एकला गेली, शेठना सगळं सांगितलं. शेठ ऐकत राहिले, मग म्हणाले, "मेरा बाप बँटवारे में सिंध से इधर आया तब बॅरक में रखा था. आडनाव कोई नहीं पूछता था. बॅरक नंबर पूछते थे. वो भी एक टाइम था." आणि त्यांनी तिला दोन गोष्टी दिल्या. एक, स्वतःच्या ठणठणीत प्रवाळाचा चमचाभर चिकटा, बरणीत. दुसरी, एक दाखवणारं थर्मामीटर. अठरावर सेट.

दुसऱ्या दिवशी प्रीतीने ते थर्मामीटर कमिटीला भेट दिलं. भिंतीवर, चेअरमनच्या फोटोखाली. लाल आकड्यात अठरा. कमिटी हरखली, इतकी वर्षं नुसतं गार वाटत होतं, आता ते सिद्धही झालं. (एसी बसून दोनच महिने झाले होते, पण सत्तेत काळ असाच मोजतात.) मग काचेच्या दाराबाहेर उभं राहून तिने मोबाईल काढला. तिच्या जुन्या मोबाईलमध्ये कुठलाही टीव्ही-एसी चालवणारा रिमोट होता. एक बटण. एसी नुसत्या पंख्यावर गेला. वारा चालू, थंडी बंद, डक्टमधला डबा गप्प.

मे महिना. बाहेर बेचाळीस. बदलापूरकडची कुत्रीसुद्धा गटाराच्या झाकणावर बसत नव्हती. आणि ऑफिसात पाच माणसं घामाने निथळत अठराकडे बघत बसलेली. पहिल्या दिवशी एक जण म्हणाला, आज जरा गरम वाटतंय का? सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. तो ओशाळला. तिसऱ्या दिवशी धर्मेशने हाताची घडी घातली. आठवड्याने कोंडाजींनी घरून शाल मागवली.

"काका, शाल?" प्रीतीने विचारलं.

"अठरा हाय गो पोरी. या वयान सोसत नाय." आणि कपाळावरून घाम निपटून त्यांनी शाल नीट गळ्याभोवती घेतली.

टाकी हळूहळू उतरत गेली. तीस, एकोणतीस, चिलरला श्वास घेता आला, मग सव्वीस. (खरं सव्वीस, शोभेच्या सव्वीसशी पहिल्यांदाच त्याची गाठ पडली.) प्रीतीने बरणीतले जिवाणू थेंबाथेंबाने प्रवाळावर सोडले, पाच आठवडे, कोणाला न सांगता. नवीन भाडोत्री गुपचूप आले, कामाला लागले. बुळबुळ गेली. वास गेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रवाळाच्या टोकांना जांभळी झाक आली. प्रीती लॉबीत उभी राहून बघत होती, तर पप्पा शिफ्टवरून आले, डबा हातात. राजरत्ननी डब्याच्या कोपऱ्याने काचेवर टकटक केलं, जसं शेजाऱ्याचं दार वाजवतात.

आठ जूनची सभा लॉबीतच झाली, टाकीसमोर. धर्मेशने माईक घेतला. "सभासदहो, प्रवाळ बरं झालंय. कमिटीने योग्य वेळी भाडोत्री काढले, त्याचा हा रिझल्ट." टाळ्या. "तेव्हा जे टाकीत सिद्ध झालं ते दोन्ही विंगमध्ये राबवावं, असा ठराव मी मांडतो."

प्रीतीला क्षणभर कळलंच नाही काय झालं ते. मग कळलं.

गडबड झाली. ज्यांनी फ्लॅट भाड्याने दिले होते ते सभासद उठले. काहींचे भाडोत्री बँकेतले होते, ते 'अधिकारीवर्ग' म्हणून वगळले. काही जण कोणाचे ना कोणाचे लांबचे नातेवाईक निघाले, ते 'पाहुणे' झाले. एक जण ढोलताशा पथकात होता, तो 'सांस्कृतिक'. असं न्याय्य पद्धतीने एकेक नाव वगळत यादी तपासली तेव्हा शेवटी एकच भाडोत्री उरला. ३०४. त्यांचे मालक दुबईला, हात वर करायला कोणी नव्हतं.

प्रीती उठली. सांगितलं तिने सगळं. पाच आठवडे तुमचा एसी बंद आहे. मी केलाय. म्हणून पाणी थंड झालं. आणि जिवाणू परत राहायला आलेत, लाखो जण, म्हणून प्रवाळ जिवंत आहे. भाडोत्री काढून नाही, भाडोत्री आणून. हवं तर आत्ता ऑफिसात चला, हात लावून बघा.

सगळे ऑफिसात गेले. भट्टी होती. कोंडाजींनी शाल घट्ट केली, भिंतीवरचा आकडा बघितला आणि मायेने म्हणाले, "पोरी, अठरा हाय. तुला ताप बीप आला का?"

ठराव बहुमताने मंजूर झाला. प्रीतीचे आभार मानून.

राजरत्न घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "लिहून घेतलं नव्हतंस ना." मग स्वतःच खोकी बांधायला टेप आणायला खाली गेले.

आता ते कॅम्प एकला राहतात, शेठच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. शेठनी फॉर्म भरून घेतला नाही. विचारलं फक्त, "ऊपर पानी का प्रेशर कम है, चलेगा?" कढीपत्त्याचा ड्रम जिन्यात अडकला, चौघांनी मिळून चढवला. आणि आइस्क्रीमच्या डब्यात प्रीती प्रवाळाचा एक तुकडा घेऊन आली होती, बोटाएवढा. तो दुकानातल्या टाकीत आहे, भाडोत्रींसह. वाढतोय.

सागरगाज एम्पायरमध्ये भिंतीवरच्या थर्मामीटरची बॅटरी जुलैत संपली. आकडा विझला त्याच मिनिटाला पाचही जणांना एकदम उकडायला लागलं. मेकॅनिक आला, एसी परत अठरावर, डक्टमधला डबा परत सुरू. प्रवाळ यावेळी तीन आठवड्यांत गेलं. कमिटीने त्याच्या जागी प्लास्टिकचं बसवलंय. रंग पक्का, वास नाही, त्याच्यावर कोणी राहत नाही. 'संपूर्ण भाडोत्रीमुक्त' अशी पाटी आहे खाली.

३०४ रिकामा आहे. तुमच्यापैकी कोणीतरी मगाशी विचारत होतं ना, चिखलोलीकडे एखादा फ्लॅट आहे का बघण्यासारखा? जाऊन या. लॉबीत टाकीपाशी जरा गरम होईल, तिथे थांबू नका. सरळ ऑफिसात जा. धर्मेश खुर्ची देईल, पाणी देईल, फॉर्म देईल. वरचा आडनावाचा रकाना तुम्ही असा झटकन भराल की लक्षातही राहणार नाही काय लिहिलं ते. आणि तिथे इतकं छान गार वाटेल, की मागून कोणी दार उघडं ठेवून आत आलं, तर मान न वळवता तुम्हीच म्हणाल, "अहो, दार लावा ना जरा, बाहेरची गरम हवा आत येतेय."